टाकीला बूच, डोक्याला ताप!

मंडळी, मास कॉमच्या डिग्रीत काय काय शिकवतात! पण गरम पाण्याच्या टाकीलाही श्वास घ्यावा लागतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

झालं असं, मी अमरावतीत, आई अकोल्यात एकटी. थंडी पडली की अंगणात तांब्याचा बंब पेटणार, धूर होणार आणि फोनवर आईचा खोकला ऐकू येणार. वर्षभराच्या स्टोऱ्यांतून थोडे पैसे साठले आणि मी ठरवलं, बास! आता चांगली टाकी.

गॅस गीझर स्वस्त होता. पण आमच्या न्हाणीला खिडकी नाही. कोंदट जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास, ना रंग, आणि जीव जातो. कॅन्सल! विजेचा गीझर? 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायचं तर साडेचार युनिटपेक्षा जास्त वीज. आणि ऊन तर वऱ्हाडात फुकट! सोलर फायनल.

पुढचा प्रश्न पाण्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाण्यात पसरलाय. आमच्याकडे नळाला नागा असला की बोअर. असं पाणी तापलं की क्षार खाली बसतात, बारीक तांब्याच्या नळ्या चोंदतात. म्हणून काचेच्या रुंद नळ्यांचं मॉडेल घेतलं. त्या साफ करता येतात.

याच अमरावती-अकोला रस्त्यावर 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटर डांबर 105 तासांत पडलं आणि गिनेस रेकॉर्ड झाला. आमच्या प्लंबरला एक टाकी बसवायला चार दिवस लागले. असो!

संक्रांतीला घरी गेले, गच्चीवर चढले. सोलरच्या टाकीवरून एक उभा पाइप वर गेला होता आणि त्याच्या तोंडावर चक्क बूच. भाऊंना फोन लावला.

"त्याच्यातून पानी टपकत होतं ना ताई, म्हनून बंद करून टाकलं. टेन्शन नका घेऊ!"

टेन्शनच होतं. पाणी 20 वरून 60 अंशांवर गेलं की फुगतं. 100 लिटरचं जवळपास दीड लिटर वाढतं. गार पाण्याच्या लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह होता. वर बूच. मग ते दीड लिटर जाणार कुठे? ही टाकी दाब सोसायला बनवलेलीच नसते. उलटही होतं. वरची टाकी रिकामी असताना खालून गरम पाणी काढलं की आत हवा लागते. ती मिळाली नाही तर टाकी डब्यासारखी चेपते.

मग टपकत का होतं? सिंपल! हवेचा पाइप गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली होता. म्हणजे इलाज बूच नव्हता, पाइप उंच करणं होता. दुसऱ्या दिवशी भाऊ आले, बूच काढलं, गार टाकी पूर्ण भरल्यावरच्या पातळीच्याही वर पाइप नेला. टपकणं बंद.

तुमच्याकडे विजेचा गीझर असेल तर त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब येतात. तेही बंद करायचे नसतात. एक नळी लावून मोरीत सोडायचे. एवढं करा आणि आज जरा वर बघा, कुणी बूच तर मारलं नाही ना?

आईला सगळं समजावून सांगितलं. आमच्या बंबात वरच्या तोंडातून गार पाणी ओतलं की तेवढंच गरम बाहेर यायचं, तोंड कायम उघडं. ती हसली.

"मंग हे तुले आता समजलं? बंबाचं तोंड आम्ही कधी बंद केलं वं?"