येते म्हणावे, जाते म्हणू नये

आमच्या जालन्याच्या घरातून कोणी बाहेर पडताना "जाते" म्हणाले, की माझ्या सासूबाई त्याला जागच्या जागी उभे करीत. "जाते काय? येते म्हण!" तो शब्द सुधारून घेतल्याखेरीज उंबरठा ओलांडायची सोय नव्हती. भाजी आणायला निघालेल्यालाही सूट नसे. पुढे मी सासू झाले, आजी झाले आणि हा शब्द त्यांच्याकडून माझ्याकडे आला. पण सातासमुद्रापलीकडे याच शब्दाने मला अशा पेचात टाकले की काही विचारू नका.

या सदरातून मी नेहमी घरातल्या आणि फार तर गल्लीतल्या गोष्टी सांगते. दिवाळी अंकाला थोडी लांबची गोष्ट चालते, म्हणून आज तुम्हांला मेक्सिकोला नेते.

माझे जावई मक्याच्या बियाण्यातले शास्त्रज्ञ. आमचे जालना म्हणजे बियाण्याचे गाव. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे बियाणे हा या गावाचा धंदाच होऊन बसला. बारवाल्यांना 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तेव्हा जालन्याचे नाव जगात गेले. मुलगा "बियाण्यात आहे" म्हटले की आमच्याकडे मुलीचे वडील फारशी चौकशी करीत नाहीत! तेव्हा जावईबापूंना मेक्सिकोतल्या मका-गहू संशोधन केंद्रात जागा मिळाली, याचे घरात कोणाला नवल वाटले नाही. हे आंतरराष्ट्रीय केंद्र 1966 साली स्थापन झाले. त्याच वर्षी आपल्या देशाने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले होते. आज आपल्या पोळीत त्या गव्हाचा अंश आहे, असे जावईबापू जेवता जेवता सांगतात. मी म्हणते, "असेल हो, पण आधी ती गरम आहे तोवर खा."

मेक्सिको शहराजवळच्या टेस्कोको या गावात त्यांनी सहा वर्षे बिऱ्हाड केले. गेले तेव्हा नात तीन वर्षांची होती, आता नऊ. 2024 च्या नोव्हेंबरअखेर नोकरीची मुदत संपणार, सगळे जालन्याला परत येणार, म्हणून आवराआवरीला हात द्यायला मी ऑक्टोबरातच तिकडे गेले. मनात दुसराही हेतू होता. नात परत यायला तयार नाही, असे लेकीने फोनवर सांगितले होते. तिची समजूत घालायचे काम माझ्याकडे होते.

टेस्कोको समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच. सकाळी दात वाजवणारी थंडी. सातला मी चहाचा कप घेऊन बसत असे, तेव्हा जालन्यात संध्याकाळचे साडेसहा म्हणजे दिवेलागण झालेली असायची. मग नात मला तोर्तियाच्या दुकानात घेऊन जाई. तोर्तिया म्हणजे मक्याची पातळ भाकरी. घरून स्वच्छ फडके न्यायचे, किलोवर भाकऱ्या मोजून घ्यायच्या आणि त्यात गुंडाळून आणायच्या. भाकरी विकत आणायची ही कल्पना मला पहिले चार दिवस मुळीच रुचली नाही. पण त्यामागचे शास्त्र कळले आणि मी गप्प झाले. ते लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर ठेवतात आणि मग वाटतात. त्याने साल निघते एवढेच नव्हे, तर मक्यातले एक जीवनसत्त्व शरीराला लागू पडते. युरोपातल्या लोकांनी मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. केवळ मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. धान्याबरोबर त्या घरची रीतही न्यावी लागते, हा धडा मी त्या दुकानाच्या रांगेत शिकले.

बाजारात तर मला पावलोपावली माहेरची माणसे भेटावीत तसे झाले. मिरची, टोमॅटो, मका हे सगळे मूळचे तिथले. चिकूही तिकडचाच, आणि त्याचे नावसुद्धा! उलट आपली चिंच तिकडे जाऊन रुळली आहे, तिचे सरबत गाडीवर मिळते. लाल अंबाडीच्या बोंडांचेही सरबत करतात. एका टोपलीत पाहते तो राजगिऱ्याच्या वड्या! मी एकादशी मोडल्यासारखी दचकले. राजगिरा त्यांचे जुने धान्य. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी देवाच्या मूर्ती त्याच्या पिठाच्या करीत, आणि म्हणूनच नव्या राज्यकर्त्यांचा त्यावर रोष झाला. आता त्याची वडी गुळात करतात आणि तिला म्हणतात "अलेग्रिया", म्हणजे आनंद. आपण तीच वडी उपासाला खातो आणि तिला आनंद म्हणण्याचे कधी सुचत नाही!

संध्याकाळी रताळीवाल्याच्या गाडीची वाफेची शिट्टी ऐकू आली, की नात गृहपाठ टाकून धावे. शेजारच्या बाई तिला हाक मारून आधी काहीतरी खाऊ घालीत. लेक नोकरीला जाई त्या दिवसांत मुलगी त्यांच्याच घरी वाढली. त्या बाईंना मराठी येत नाही, मला स्पॅनिश येत नाही. पण दोघींचे संसार झालेले, त्यामुळे बोलायचे काही अडले नाही. एक गंमत मात्र मला कळायला वेळ लागला. त्या स्वतःच्या घराला "तुमचे घर" म्हणत. "उद्या तुमच्या घरी जेवायला या," असे त्या म्हणाल्या, तेव्हा मी लेकीला विचारले, "अगं, आपल्याच घरी यांना जेवायला घालायचे का?" तिकडची ती रीत आहे. माझे घर म्हणायचे नाही, तुमचे म्हणायचे.

दिवाळी आली. त्या वर्षी आपल्याकडे लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होते. तिकडे अमावास्या आदल्या संध्याकाळीच पडत होती, पण आम्ही पंचांगाचा घोळ न घालता जालन्याची तारीख पाळली. योग असा, की मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबर हे मृतांचे दिवस. आपला पितृपंधरवडा जसा, तसाच, पण रडवा नव्हे. गेलेली माणसे त्या रात्री घरी येतात म्हणून फोटो मांडतात, मेणबत्त्या लावतात, पाणी, मीठ, पाव आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. आणि फूल कोणते? झेंडू! तोही मूळचा मेक्सिकोचा. त्यांच्या जुन्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ वीस फुलांचे फूल. दारापासून त्या मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट करतात, येणाऱ्याला घर सापडावे म्हणून. आपण उंबरठ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावले काढतो ना, अगदी तशी.

नात सकाळीच शेजारी गेली होती. परत आली ती हट्ट घेऊन. "आजी, आजोबांचा फोटो दे. त्यांच्याकडे ठेवायचाय."

मी गोंधळले. लक्ष्मीपूजनाचा दिवस, त्यात गेलेल्या माणसाचा फोटो, तोही परक्या घरी! पण शेजारच्या बाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी नातीच्या तोंडून विचारले, "त्यांना काय आवडायचे?" मला एकदम हुंदका आला. यांना जाऊन पाच वर्षे झाली, त्यांना काय आवडायचे हे मला पाच वर्षांत कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, "चहा, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी." ज्वारी कुठली मिळायला? बाईंनी निळ्या मक्याची भाकरी मुद्दाम जाड थापली, रंगाने थेट बाजरीची. चटणी मी कुटली. त्या रात्री यांचा फोटो मेक्सिकोतल्या एका घरात, त्या घरच्या आजोबा-पणजोबांच्या रांगेत झेंडूत बसला होता, आणि आमच्या घरी त्याच बाजारातल्या झेंडूचे तोरण लक्ष्मीला होते. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या देव जाणे. मला मात्र काही चुकले असे वाटले नाही.

नातीची समजूत घालायची म्हणून जावईबापू एका रविवारी आम्हांला चापिंगोला घेऊन गेले. टेस्कोकोजवळच ते शेतकी विद्यापीठ आहे. तिथे 2022 साली बसवलेला एका मराठी माणसाचा पुतळा आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे, जन्म 1884, आपल्या वर्ध्याचे. इंग्रजांचे राज्य उलथवायचे म्हणून विशीत देश सोडला. अमेरिकेत शेतकी शिकले आणि गदर चळवळीत शिरले. पहिल्या महायुद्धात इराणकडे इंग्रजांविरुद्ध लढले. मायदेशाचे दार बंद झाले आणि 1924 साली ते मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोला त्यांनी शिकवले, मक्यावर संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा हे तिथले थोर चित्रकार. त्यांनी शिक्षण खात्याच्या इमारतीत भाकरी वाटून खाण्याचे एक भित्तिचित्र काढले, त्यात खानखोजे दिसतात. 1936 साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केले. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. 1949 साली ते भारतात येऊन गेले आणि 1955 साली कायमचे परतले. नागपूरला राहिले, 1967 साली तिथेच वारले.

जावईबापूंनी हे सारे रंगवून सांगितले आणि मी शेवटी माझे शहाणपण जोडले. "बघ बाळा, एवढी वर्षे परदेशात राहून आजोबा शेवटी आपल्या घरी आलेच की नाही?"

नात पुतळ्याकडे पाहत होती. तिने विचारले, "आणि त्यांच्या मुली?"

"त्याही आल्या."

"त्यांचं घर कुठं होतं?"

मी तोंड उघडले आणि मिटले. त्या मुली मेक्सिकोत जन्मल्या, मेक्सिकोत वाढल्या. बापाचे ते परतणे होते, पण मुलींचे निघणे होते. हे मला सत्तरी ओलांडल्यावर, नऊ वर्षांच्या पोरीने एका वाक्यात दाखवले. महिनाभर मी तिच्या कानीकपाळी "आता घरी जायचं, घरी जायचं" म्हणून ओरडत होते. ती बिचारी घर सोडून निघाली होती आणि तिला कोणी निरोपाचे दुःखसुद्धा करू देत नव्हते. त्या दिवसापासून मी समजूत घालणे बंद केले. ती रडली की जवळ बसत असे, इतकेच.

निघायच्या दिवशी सामान गाडीत चढले. मी सगळ्यांच्या हातावर दही घातले, शेजारच्या बाईंच्याही, कारण त्याही हात पुढे करून उभ्या होत्या. त्यांनी नातीच्या हातात राजगिऱ्याच्या वड्यांचे पुडके दिले आणि म्हणाल्या, "इथं तुमचं घर आहे." या वेळी मला अर्थ विचारावा लागला नाही.

नात रडत म्हणाली, "जाते."

माझ्या तोंडून सवयीने निघाले, "जाते नाही, येते म्हण!"

तिने डोळे पुसून माझ्याकडे पाहिले. "आजी, पण मी खरंच येणार आहे का?"

वाचकहो, सासूबाईंनी मला हा शब्द दिला, पण या प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते. खोटे बोलणे जिवावर आले. मी म्हटले, "ते मला ठाऊक नाही. येते म्हणजे नक्की येते असं नाही, बाळा. येते म्हणजे माझी जागा ठेवा." तिने ते बाईंना त्यांच्या भाषेत समजावून सांगितले. बाई विचारू लागल्या, की "येते" म्हटल्यावर आपण काय म्हणायचे? नातीने शिकवले, "ये."

जालन्याला आल्यावर पहिले सहा महिने कठीण गेले. शाळेत मुली तिच्या मराठीला हसत. ताटातली पोळी ती तोर्तियासारखी गुंडाळून खाई. मी तिला "आता तू घरी आलीस" असे एकदाही म्हटले नाही. 2025 च्या आषाढी एकादशीला मी राजगिऱ्याची वडी तिच्या हातावर ठेवली. तिने ती खाल्ली आणि म्हणाली, "अलेग्रिया." मग तिने आपल्या दोन मैत्रिणींना तो शब्द शिकवला. आता आमच्या गल्लीत एकादशीला पोरी "आनंद दे" म्हणून वडी मागतात.

दर रविवारी सकाळी सातला ती शेजारच्या बाईंना फोन लावते. तिकडे शनिवारची संध्याकाळ, साडेसात वाजलेले. पाठीमागून कधीकधी रताळीवाल्याची शिट्टी ऐकू येते. त्यांचे बोलणे मला कळत नाही, पण शेवटचे दोन शब्द कळतात. आमची पोर म्हणते, "येते हं." आणि पलीकडून, त्या थंड गावातून, एक बाई स्वच्छ मराठीत म्हणते, "ये."