निकालाच्या सरासरीआड

दहावीच्या निकालात कोकण विभाग अव्वल, ही बातमी आता महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली आहे. 2025 मध्ये राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांच्या कोकण विभागाचा 98.82 टक्के. अवघ्या आठ तालुक्यांच्या सिंधुदुर्गाला या यशाचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र सरासरीच्या या झगमगाटात शाळाशाळांमधील अंतर झाकले जाते, याचे विस्मरण होऊ नये.

बाजारपेठेच्या गावातील मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक असतात, प्रयोगशाळा असते. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या वाडीवरच्या शाळेत पाच इयत्ता आणि शिक्षक मात्र दोन! हा कोणा अधिकाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हे. कायद्याचे गणितच तसे आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ विद्यार्थ्यांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात. त्यातील एक निवडणुकीच्या वा जनगणनेच्या कामावर गेला, की उरलेल्याने पाचही वर्ग सांभाळायचे. सहावी ते आठवीसाठी कला व क्रीडा यांचे अंशकालीन निदेशक हवेत, तर पट शंभराच्या वर असला पाहिजे. डोंगराळ, विरळ वस्तीच्या जिल्ह्यात तो आणायचा कोठून?

2023 मध्ये शासनाने यावर समूह शाळांचा उपाय पुढे केला. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या 14 हजारांहून अधिक शाळा आहेत, हे त्यामागील कारण. मोठ्या शाळेत मुलांना सवंगडी आणि साधने मिळतात, हे खरेच. परंतु आषाढात ओहोळ भरून वाहू लागले, की नकाशावरचे दोन किलोमीटर सहा वर्षांच्या मुलासाठी दोन कोस होतात. वाहनाची खात्रीलायक सोय होण्यापूर्वी शाळेला कुलूप लागले, तर पहिली गळती मुलींची होईल.

म्हणून शिक्षकांची संख्या केवळ पटावर न ठरवता भूगोल आणि इयत्तांची संख्या पाहून ठरवावी. समाजानेही आपला वाटा उचलावा. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर कोकणातील संसार उभे राहिले. गणपतीला गावी येणाऱ्यांनी देवळाच्या जीर्णोद्धाराइतकीच आस्था शाळेच्या छपराविषयी आणि ग्रंथालयाविषयी बाळगली, तर बरेच साधेल. जिल्ह्याची खरी गुणवत्ता पहिल्या क्रमांकाच्या शाळेवरून नव्हे, शेवटच्या वाडीवरील शाळेवरूनच जोखली पाहिजे.