मधपेटी आणि सुताराचें सूत

करडई, तूर व सूर्यफूल पिकविणाऱ्या लातूर-नांदेडकडील शेतकरी बंधूंस मधमाशीचें महत्त्व सांगावयास नको. पेट्या करून घेण्याविषयीं मजकडे कित्येकजण विचारणा करितात व सर्वांचा पहिला प्रश्न लाकूड कोणतें, हाच असतो. माझे मतें लाकूड गौण आहे. पेटी बिघडते ती मापानें, आणि ही चूक मीं स्वतः केली आहे.

सेवानिवृत्तीनंतर जुन्या गढीच्या भिंतींतील सातेरी माशांची वसाहत धरून आणावयाचें ठरविलें. विकतची पेटी महाग वाटली म्हणून गांवच्या सुतारास अदमासें माप सांगितलें. काम सुबक झालें. परंतु चौकटी आणि पेटीची भिंत यांमध्यें अंगठाभर जागा राहिली. जन्मभर सातबाऱ्यावर गुंठे-आणे जुळविणाऱ्या कारकुनास ती दिसूं नये! माशांनीं त्या जागेंत पोळें बांधून चौकटी भिंतीस जोडून टाकल्या. पाहणीसाठीं चौकट उचलतांच पोळें फाटलें, पिलें खालीं पडलीं, मध गळला, मुंग्या लागल्या आणि चौथ्या दिवशीं वसाहत निघून गेली. दोष सुताराचा नव्हे, माझा.

माशीस ये-जा करण्यापुरतीच, सुमारें तीन सूत वाट ठेविली तर ती तेथें पोळें बांधीत नाहीं, हें अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ नांवाच्या पाद्र्यानें इ. स. १८५१ मध्यें ओळखलें. चौकट सुटी उचलतां येते ती या शोधामुळेंच. आपली सातेरी युरोपियन माशीहून लहान, म्हणून तिची वाट अडीच सुतांच्या आसपास. दोन पोळ्यांचे मध्यांतील अंतर तिला सुमारें ३१ मिलिमीटर लागतें, युरोपियन माशीस ३५. एकीची पेटी दुसरीस चालत नाहीं ती यामुळें. आणि दक्षिणेंत फादर न्यूटन यांनीं भारतीय माशीकरितां लहान पेटी निराळी बसविली तीही यामुळेंच.

तेव्हां तळाची फळी, झाकण व घोडी गांवच्या सुतारानें खुशाल करावी. चौकटी मात्र तयार विकत आणाव्या व पेटी त्यांच्या मापानें बेतावी. आंतून रंग देऊं नये. घोडीच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवाव्या, आणि आमच्याकडील वैशाखांत पेटी कडुलिंबाच्या सावलींत असावी, हें निराळें सांगणें नको.

आणखी एक अडचण आहे. प्रत्येकानें आपापल्या मापाची पेटी केली तर दुबळ्या वसाहतीस शेजाऱ्याच्या पेटींतील पिलांची चौकट देतां येत नाहीं, आणि मध काढण्याचें यंत्रही सामाईक चालत नाहीं. सबब मंडळानें महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडून सातेरीची एक पुरी पेटी आणवून कचेरींत नमुन्यादाखल ठेवावी व सुतारांनीं आपला गज तिजवर लावून पहावा. त्या पेटीच्या खर्चापैकीं निम्मी रक्कम मी देण्यास तयार आहें.