डोंगर उडाला की खचला?



आपल्यापैकी पुष्कळांनी हरिश्चंद्रगड पाहिला असेल. पाचनईच्या वाटेने वर चढायचे, देवळापाशी विसावा घ्यायचा आणि मग पश्चिमेच्या टोकाला जाऊन, पालथे पडून कोकणकड्यावरून खाली डोकवायचे, हा सहलींचा ठरलेला क्रम. हा कडा आत वळलेला, अर्धगोल आहे. एखाद्या प्रचंड भांड्याचा अर्धा काठ शिल्लक राहावा तसा. तेथे उभे राहिले की कोणी ना कोणी हमखास म्हणतो, "सर, हे ज्वालामुखीचे तोंड! स्फोट झाला, डोंगर उडाला आणि हा खड्डा राहिला."

हे वाक्य ऐकले की मला माझीच आठवण होते. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन मी त्या कड्यावर गेलो होतो आणि हेच वाक्य मोठ्या ऐटीत सांगितले होते. तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, मग उडालेला डोंगर पडला कुठे?" मला उत्तर सुचेना. "खाली कोकणात," असे म्हणून मी वेळ मारून नेली. प्रश्न बरोबर होता, उत्तर चूक होते. आज मी त्या मुलीची बाजू मांडणार आहे.

तिचाच प्रश्न पूर्वी एका मोठ्या शास्त्रज्ञालाही पडला होता. जावा आणि सुमात्रा यांच्यामध्ये क्राकाटाऊ नावाचे ज्वालामुखी बेट आहे. २७ ऑगस्ट १८८३ रोजी तेथे भयंकर उद्रेक झाला. त्याचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटर दूर, हिंदी महासागरातील रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. छत्तीस हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतील बहुतेक सागराच्या राक्षसी लाटांनी. बेटाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नाहीसा झाला. बेट उडाले, असेच कोणालाही वाटेल. पण व्हर्बीक या डच भूशास्त्रज्ञाने आसपासच्या बेटांवर पडलेला माल तपासला. तो जवळजवळ सगळा नवा होता: राख आणि प्युमिस, म्हणजे पाण्यावर तरंगणारा, गोठलेल्या फेसासारखा दगड. जुन्या बेटाच्या खडकाचे तुकडे त्यात फारच थोडे होते. डोंगर उडाला असता तर त्याचा चुरा आजूबाजूला सापडायला हवा होता. तो नव्हता, तेव्हा डोंगर उडाला नव्हता, तो खाली खचला होता.

खचला तो कशात? घरी एक प्रयोग करून पाहा. एका फुग्याला रबरी नळी घट्ट बांधा. फुगा परातीत ठेवून थोडा फुगवा आणि नळीचे तोंड दाबून धरा. फुग्यावर दोन-तीन बोटे जाडीचा कोरड्या पिठाचा थर पसरून तो सपाट करा. आता नळीतून हवा हळूहळू सोडा. पिठाचा पृष्ठभाग मध्ये बसतो, भोवती गोल भेगा पडतात आणि एक पसरट खड्डा तयार होतो. काही फुटले नाही, काही उडाले नाही. खालचा आधार गेला एवढेच. ज्वालामुखीखाली काही किलोमीटर खोलीवर वितळलेल्या खडकाची, म्हणजे शिलारसाची कोठी असते. उद्रेकात ती झपाट्याने रिकामी झाली की तिचे छत पेलणारे कोणी उरत नाही. छत गोल भेगांवरून खाली सरकते आणि पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे उरलेला शिलारस आणखी जोराने वर ढकलते. अशा खचलेल्या प्रचंड कुंडाला कॅल्डेरा म्हणतात. हा शब्द स्पॅनिश आहे आणि त्याचा अर्थ मोठी कढई, म्हणजे आपली काहील.

काहील म्हटली की आपल्याला गुऱ्हाळ आठवते, आणि उद्रेकाच्या जोराचे रहस्यही तेथेच पाहता येते. रस पातळ असतो तोवर बुडबुडे सहज वर येतात आणि विरतात. काकवी दाट होऊ लागली की वाफ आत अडकते, बुडबुडे फुगतात आणि फटकन फुटून चटके देणारे थेंब उडवतात. मग गुळव्या मुलांना दूर हाकलतो. शिलारसाचेही तसेच आहे. त्यात सिलिका जितकी जास्त तितका तो दाट. क्राकाटाऊच्या शिलारसात सिलिका शेकडा ६५ च्या पुढे होती. त्यात पाणीही खूप विरघळलेले होते, कारण तेथे सागरतळाचा खडक जमिनीखाली शिरताना आपल्याबरोबर पाणी नेतो. शिलारस वर येतो तसा त्याच्यावरचा दाब उतरतो आणि सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यासारखे पाणी वाफ होऊन बाहेर पडू पाहते. दाट रस वाट देत नाही. मग सगळ्याचाच फेस होऊन चिंधड्या उडतात. प्युमिस म्हणजे तोच फेस.

मात्र स्फोट आणि खचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हवाई बेटावरील किलाउआ ज्वालामुखीचा शिलारस पातळ. २०१८ साली तो जमिनीखालून सुमारे चाळीस किलोमीटर दूर वाहत गेला आणि तेथे भेगांतून बाहेर पडला. इकडे माथ्यावरचे कुंड काही ठिकाणी सुमारे ५०० मीटर खचले. क्राकाटाऊसारखा गडगडाट तेथे झाला नाही, तरी कढई तयार झाली.

आपल्या देशातही असे बेट आहे. अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर सुमारे दोन किलोमीटर रुंदीचे कुंड असून त्याच्या मधोमध नवा शंकू उभा आहे. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहिल्यावर तो १९९१ साली जागा झाला. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ जवळच सागरतळाचे नमुने गोळा करीत असताना त्यांनी त्यातून राख उसळताना पाहिली.

आता कोकणकड्याकडे वळू या आणि व्हर्बीकची कसोटी लावू या. भोवती प्युमिसचे आणि राखेचे जाड ढीग आहेत का? नाहीत. गोल भेगांवरून खाली सरकलेले थर दिसतात का? तेही नाहीत. उलट, कड्यावर एकावर एक आडवे थर पानासारखे सलग रचलेले दिसतात. हे पातळ बेसाल्ट लाव्हाचे थर. त्यात सिलिका शेकडा ५० च्या आसपास. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लांबलचक भेगांतून वर आला आणि दूरवर पसरला. अशा भेगांत गोठलेला शिलारस भिंतींच्या रूपाने आपल्याच जिल्ह्यात संगमनेर परिसरात आहे. त्यांना डाइक म्हणतात. पुढे पाऊस, ओढे आणि भेगांतून सुटणाऱ्या शिळा यांनी हे थर कोरून काढले आणि कडे उभे राहिले. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखरही ज्वालामुखीचा शंकू नव्हे. आजूबाजूचे झिजून गेल्यावर उरलेला तो डोंगर आहे.

येथेही खाली कोठ्या होत्या. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या मंचरजवळ काही थरांत फेल्स्पारचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे स्फटिक दिसतात. भरभर थंड होणाऱ्या लाव्हात एवढे स्फटिक वाढू शकत नाहीत. बाहेर येण्यापूर्वी तो रस खोल कोठीत शेकडो वर्षे मुरत पडला असला पाहिजे.

कोणी म्हणेल, "मुलांना ज्वालामुखीचे तोंड पाहिल्याचा आनंद होतो, त्यात तुमचे काय बिघडते?" माझ्या मते पुष्कळ बिघडते. आकार पाहून निदान करण्याची सवय लागते आणि ती डोंगरापुरती राहत नाही. आपला जिल्हा अवर्षणाचा. विहीर कोठे खणायची, हा येथे घरच्या संसाराचा प्रश्न असतो. लाव्हाच्या थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. तो कुजला, भेगाळला की पाणी धरतो. थराचा मधला घट्ट काळा पाषाण भेगा नसतील तर कोरडाच राहतो. आडवा आलेला डाइक कधी पाणी अडवतो, तर कधी आपल्या भेगांतून वाहून नेतो. क्राकाटाऊला ज्या वायूने हाहाकार माजवला, त्याच वायूने आपल्या दगडात ठेवलेली भोके आपल्या विहिरी भरतात. हे न पाहता केवळ कोणाच्या सांगण्यावरून खोल बोअर घेऊन कर्जात बुडालेली घरे मी पाहिली आहेत. तेव्हा दगड वाचता येणे ही चैन नव्हे.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की ज्वालामुखीचा धडा पुस्तकातल्या शंकूच्या चित्रावर संपू नये. तुमच्या गावात विहिरीचे काम चालू असेल तर वरून खालपर्यंत निघालेल्या दगडांचे एकेक तुकडे मागून आणा. कोणता किती खोलीवरचा, ते त्यावर लिहा आणि शाळेच्या फळीवर त्याच क्रमाने मांडा. भिंग लावून बुडबुडे पाहा. विहिरीत मात्र एकट्याने उतरू नका. आणि पुढच्या सहलीत माझ्यासारखा कोणी शिक्षक ऐटीत म्हणाला की हा डोंगर स्फोटाने उडाला, तर नम्रपणे, पण न घाबरता विचारा, "सर, मग तो पडला कुठे?"