फवारा तुरीच्या मुळापर्यंत जात नाही

दिवाळीच्या आगेमागे आमच्या घाटंजी तालुक्यात तूर फुलावर येते आणि त्याच दिवसांत तासातली काही झाडे पिवळी पडून उभ्याउभी वाळू लागतात. हा मर रोग. शेतकरी घाबरून कृषी केंद्रात जातो, बुरशीनाशकाची पुडी आणि सोबत हातात दिलेले टॉनिक घेऊन येतो, पंप पाठीवर चढवतो. कृषी सहायक म्हणून मी याच भागात नोकरी केली, आता घरचे वावर वाहतो, आणि हे दरवर्षी बघतो. मर लागलेल्या तुरीवर फवारणी करणे म्हणजे पैसा मातीत घालणे आणि माणसाला विनाकारण विषाजवळ नेणे.

मर आणणारी फ्युजेरियम उडम ही बुरशी जमिनीत राहते. पीक निघाल्यावरही धसकटांत ती वर्षानुवर्षे तग धरते, कोवळ्या मुळातून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढते. बुडापासून खोडावर चढलेला जांभळा पट्टा दिसला आणि साल काढल्यावर आत काळपट रेषा दिसल्या, की निदान पक्के. पानावर मारलेले आंतरप्रवाही औषधसुद्धा झाडातल्या पाण्याबरोबर शेंड्याकडे जाते, मुळाकडे उतरत नाही.

मुळाशी लढते ते झाड स्वतः. आपल्या रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, झाडाला त्या नाहीत. त्यामुळे प्रत्येक पेशी आपली राखण आपणच करते. बुरशीच्या भित्तीत कायटिन असते. पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिने त्याचे तुकडे ओळखतात आणि आत धावपळ सुरू होते: पेशीभित्ती जाड होते, तुरीत कॅजानॉल नावाचे बुरशीला रोखणारे रसायन तयार होऊ लागते, नळ्यांत डिंकासारखा पदार्थ साचून बुरशीची वाट अडते. पऱ्हाटीच्या पानात कोनात्मक ठिपक्यांचा जिवाणू शिरला, तर प्रतिकारक वाणात त्याच्या भोवतालच्या पेशी स्वतःला मारून घेतात. वणवा अडवायला मधला पट्टा आधीच जाळून टाकतात, तसेच हे. अमेरिकेत हॅरोल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवले, की पिकाचे एक विशिष्ट जनुक रोगाच्या एका विशिष्ट जनुकालाच ओळखते. ज्या जवसाची चटणी आपण खातो, त्या पिकातून जगाला हे शास्त्र मिळाले.

बळी पडणाऱ्या तुरीकडेही यातली बरीच हत्यारे असतात, पण ती उपसायला तिला उशीर होतो. तोवर नळ्या बुरशीने भरलेल्या असतात. म्हणजे खरा निर्णय फवारणीच्या वेळी होत नाही, तो जूनमध्ये बियाणे घेताना होतो. इक्रिसॅट या संशोधन संस्थेचे ‘आशा’ हे वाण १९९३ मध्ये प्रसारित झाले, ते मर आणि वांझ या दोन्ही रोगांना टिकते. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीएसएमआर ७३६ आणि बीडीएन ७११, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही तारा, हे सगळे आपल्याच राज्यातले काम. असे वाण काढताना संशोधक मुद्दाम मरीने भरलेल्या जमिनीत तूर पेरतात आणि जी झाडे जगतात त्यांचेच बी पुढे नेतात. या चिकाटीच्या कामाला आपल्याकडे मान नाही, पुडीला आहे.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीभवन बरेच होते. शेजारच्या वावरात भेसळ वाण असेल, तर घरच्या बियाण्यातला प्रतिकार काही वर्षांत पातळ होतो. म्हणून प्रमाणित बियाणे अधूनमधून बदलावे लागते. शिवाय बुरशीही बदलत असते, एकाच वाणावर कायमचा भरवसा ठेवता येत नाही.

२०१७ मध्ये आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या फवारण्या बहुतेक कीटकनाशकांच्या होत्या. पण आजही एकाच पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक कालवले जाते, आणि वास घेणारी छाती तीच असते. ज्या फवारणीचा पिकाला उपयोगच नाही, तिच्यासाठी मजुराला पंप उचलायला लावणे अन्याय आहे.

बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्ती आणि शुद्धता छापतात. वाण मरीला टिकतो की नाही, वांझला टिकतो की नाही, हेही मराठीत ठळक छापण्याची सक्ती सरकारने करावी. आणि मर लागलेल्या पिकासाठी फवारणीचे औषध देणाऱ्या केंद्राला कृषी विभागाने जाब विचारावा.

शेतकरी भावाबहिणींना माझी विनंती: यंदा तूर सोंगण्याआधी वाळलेल्या झाडाचे खोड चिरून बघा. काळ्या रेषा दिसल्या, तर धसकटे उपटून जाळा आणि पुढची काही वर्षे त्या वावरात तूर घेऊ नका. ज्वारी पेरा. ज्वारीसोबत घेतलेल्या तुरीतसुद्धा मर कमी येते, हे इक्रिसॅटच्या प्रयोगांत दिसलेले आहे, आणि आपल्या वडिलांच्या काळात पाटीभर ज्वारी नसलेले घर या भागात नव्हते. पुन्हा तूर घ्याल तेव्हा मरप्रतिकारक वाणच मागा, बियाण्याला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळा, आणि पावती जपून ठेवा.