स्वयंपाकघरात वाढलेलं संगीत

‘रिव्हरडान्स’ पाहिलेल्या मैत्रिणी म्हणतात, “आयरिश संगीत छान असतं गं, पण तीच तीच धून फिरून येते!” मला विचाराल तर खरी गंमत त्या फिरून येण्यातच आहे.

हे संगीत मुळात नाचासाठीचं. ‘रील’ची चाल चार-चारची, ‘जिग’मध्ये तीन-तीन मिळून सहा मात्रा, तर ‘स्लिप जिग’मध्ये तिनाचे तीन गट, म्हणजे नऊ. धुनेचे साधारण दोन भाग. प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा की पुन्हा पहिल्यापासून. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, शिवाय बासरी, कॉन्सर्टिना. सगळे मिळून एकच धून वाजवतात. पण दर फेरीला एखादी हरकत, एखादी मुरकी बदलते. नाचणाऱ्या पायांना ठेका तोच मिळतो आणि कान देणाऱ्याला दरवेळी नवं काही.

ही विद्या ऐकून ऐकूनच पुढे गेली, तीही घराघरांतून. शेजारीपाजारी जमायचे, टेबल-खुर्च्या भिंतीला सरकवायच्या आणि स्वयंपाकघरातच नाच सुरू! पुढे १९३५ साली तिथे सार्वजनिक नाचासाठी परवाना सक्तीचा झाला. कायदा सार्वजनिक नाचापुरता, पण काही पाद्री आणि पोलिसांनी तो घरातल्या नाचांवरही उगारला. नाच हॉलमध्ये गेला, मोठे बँड आले. घरात वाजवणाऱ्या बायकांची हक्काची जागा मात्र आक्रसली.

क्लेअर परगण्यात तर कॉन्सर्टिना हे बायकांचं वाद्य मानलं जाई. किलरशच्या एलिझाबेथ क्रॉटी (१८८५-१९६०) नवऱ्याबरोबर पब चालवायच्या आणि वाजवायच्याही. रेडिओमुळे देशभर नाव झालं तेव्हा त्या सत्तरीच्या घरात होत्या. तेही ‘मिसेस क्रॉटी’ म्हणूनच!

घरात वाजलं तर हौस आणि स्टेजवर वाजलं तर कला, ही वाटणी मला मुळीच पटत नाही. १९९४च्या युरोव्हिजन स्पर्धेत पहिल्यांदा सादर झालेला ‘रिव्हरडान्स’ डोळे दिपवतो, कबूल. पण त्याचं संगीत बिल व्हेलन यांनी नव्याने रचलेलं आहे. ज्या जुन्या धुनांवर ते उभं आहे, त्या जपण्यात चुलीपाशी बसून वाजवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. म्हणून मैत्रिणींनो, ‘रिव्हरडान्स’ जरूर बघा, पण मिसेस क्रॉटींची कॉन्सर्टिनाही एकदा ऐका. आणि ऐकताना एकच धून तीनदा येऊ द्या, मध्येच बंद करू नका.