भाकरीचा लढा आणि पंगतीचा प्रश्न

साम्यवाद्यांविषयी आमच्या भंडारा जिल्ह्यातील सुशिक्षित मंडळींत दोन मते प्रचलित आहेत आणि ती दोन्ही आम्हास सारखीच अमान्य आहेत. पहिले मत दिवाणखान्यातले. लाल बावटा म्हणजे संप, संप म्हणजे दंगा आणि दंगा म्हणजे परक्या देशाच्या सांगण्यावरून चालविलेला उपद्व्याप, असे हे सोपे त्रैराशिक आहे. दुसरे मत खुद्द साम्यवादी स्नेह्यांचे. जात हा समाजाच्या इमारतीचा वरचा मजला होय, पाया आर्थिक आहे, पाया बदलला की मजला आपोआप ढासळेल, तोवर जातीचा प्रश्न काढणे म्हणजे कामगारांत फूट पाडणे होय, असे ते बजावतात. पहिले मत अज्ञानातून आलेले असल्यामुळे त्याचे खंडन सोपे आहे. दुसरे विद्वत्तेतून आले आहे, आणि म्हणून अधिक घातक आहे. आम्हास मुख्यतः त्याचाच परामर्श घ्यावयाचा आहे.

तथापि ज्याचे माप त्याच्या पदरात प्रथम घातले पाहिजे. बिडी हा आमच्या जिल्ह्यास काही परका विषय नव्हे. उन्हाळ्यात रानातून तेंदूची पाने तोडून त्यांचे पुडे वाळत घालणारे, ती पाने भिजवून कातरणारे, जर्दा भरून वळणारे आणि सुताने बांधणारे हात आमच्याच गावांतले. मजुरी हजारी. परंतु वळलेल्या हजारातून ‘छाट’ म्हणून किती बिड्या बाजूला टाकावयाच्या, हे ठरविणार कारखानदाराचा माणूस. टाकलेल्या बिडीस मजुरी नाही, आणि पुष्कळदा ती बिडीही कारखानदाराच्याच पदरात. या कामगारांच्या स्थितीस हात घालणारा मध्यवर्ती कायदा होण्यास १९६६ साल उजाडावे लागले. कारखानदारांच्या अंतःकरणास पाझर फुटला म्हणून तो झाला, असे कोणी समजत असेल तर त्याने संघटनेचा इतिहास वाचलेला नाही. त्या इतिहासात लाल बावट्याचे पान आहे, आणि ते फाडून टाकण्याचा अधिकार दिवाणखान्यातील मंडळींस नाही.

ठाणे जिल्ह्यातील वारल्यांचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. लग्नासाठी कर्ज काढले म्हणून वारल्याने सावकाराच्या घरी जन्मभर राबावे, यास तिकडे ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी या लोकांस उभे केले, ते केवळ गवतकापणीची मजुरी वाढावी म्हणून नव्हे. वेठ बंद झाली पाहिजे, लग्नगडी मोकळा झाला पाहिजे, वारली हा माणूस आहे हे मालकाने कबूल केले पाहिजे, अशी ती मागणी होती. तेथे भाकरी आणि माणुसकी यांची फारकत कोणी केली नाही, आणि म्हणूनच तो लढा वारल्यांच्या अंतःकरणापर्यंत पोहोचला.

मग जी दृष्टी वारल्यांच्या रानात होती, ती मुंबईच्या गिरणीत का नव्हती? आमच्या वादाचे मूळ येथे आहे. १९२८ साली मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. गिरणी कामगार युनियन त्याच संपात जन्मास आली. परंतु त्या गिरण्यांत एक खाते असे होते की, त्याचे दार अस्पृश्य कामगारास बंद होते. ते म्हणजे विणकामाचे खाते, आणि अधिक मजुरी मिळे ती तेथेच. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठांस लागलेला धोटा आपल्या ओठांस कसा लावावा, अशी सवर्ण कामगारांची हरकत. हे दार उघडा, अशी मागणी डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांकडे केली, तेव्हा ती मागण्यांच्या यादीत शिरली खरी. पण नाइलाजाने शिरली. मालकांनी तिची वासलात एका वाक्यात लावली: हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. मालक पुष्कळ गोष्टींत खोटे बोलत असतील, परंतु या एका गोष्टीत त्यांनी पुढाऱ्यांस निरुत्तर केले. ते दार मालकाने लाविले नव्हते. ते कामगाराने कामगारावर लाविले होते.

येथे आमचे स्नेही म्हणतील की, त्या काळी कोणासच ही दृष्टी नव्हती. हे खरे नाही. त्याच १९२८ साली मॉस्को येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय साम्यवादी परिषदेने अमेरिकेतील कृष्णवर्णी लोकांचा प्रश्न हा नुसता मजुरीचा प्रश्न नव्हे, असे ठरविले. १९३१ साली अलाबामा प्रांतात नऊ कृष्णवर्णी पोरांवर बलात्काराचा आळ आला आणि त्यांतील आठांस थोड्याच दिवसांत फाशीची शिक्षा झाली. तेव्हा त्यांचा खटला साम्यवाद्यांच्या बचाव संस्थेने हाती घेतला, आणि अखेर एकासही फासावर चढावे लागले नाही. परंतु याहून मोठी गोष्ट त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात घडली. फिनलंडहून आलेल्या कामगारांच्या एका मंडळात नाचाच्या प्रसंगी काही कृष्णवर्णी पाहुण्यांचा अपमान झाला. तेथील योकिनेन नावाचा पक्षसभासद स्वस्थ बसला, आणि जाब विचारता म्हणाला की, आज हे नाचावयास आले तर उद्या आमच्या स्नानगृहातही येतील. पक्षाने त्याजवर शेकडो लोकांसमक्ष जाहीर खटला चालविला आणि त्यास पक्षातून काढले. अमेरिकन साम्यवाद्यांनी पुढे अनेकदा मॉस्कोचा वारा पाहून पाठ फिरविली, हे आम्ही विसरत नाही. तरीही विचारतो: आमच्याकडे पाणवठा, पंगत आणि सोयरीक या स्थळी जात पाळणाऱ्या किती सवर्ण सहकाऱ्यांवर पक्षाने असा जाहीर खटला भरला?

असे नव्हे की, पक्षात कोणी जाणता नव्हता. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या उभारणीत झटलेले रा. भि. मोरे पुढे साम्यवादी झाले; बाबासाहेबांविषयीचा आदर न सोडता झाले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी अस्पृश्यता आणि जातिव्यवस्था या विषयावर पक्षश्रेष्ठींकडे टिपणे पाठविली. आयुष्य पक्षास दिलेल्या माणसास ही गोष्ट पुनःपुन्हा लिहून कळवावी लागली, यातच सर्व काही आले. शरद पाटील यांनी तर १९७८ साली याच प्रश्नावर पक्ष सोडला.

दोन्ही लढे एकत्र चालू शकत नाहीत, असे म्हणावे तर १९३८ साल आडवे येते. त्या वर्षी फेब्रुवारीत मनमाड येथे रेल्वेतील दलित कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आणि नोव्हेंबरच्या सात तारखेस औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष व साम्यवादी यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप घडवून आणला. आमच्या विदर्भात कामठीचे बाबू हरदास बिडी कामगारांत राबत होते, आणि दलितांच्या मानासाठीही झगडत होते. त्यांस कोणी सांगितले नाही की, आधी एक करा आणि मग दुसरे. १९३९ साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी क्षयाने त्यांस नेले.

आता आमच्याच जिल्ह्याचा पुरावा पाहावा. १९५४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने भंडारा मतदारसंघाच्या निवडणुकीचा निकाल दिला. निवडून आलेले चतुर्भुज जसानी हे सरकारास बिड्या पुरविणाऱ्या पेढीचे भागीदार, म्हणून अपात्र ठरले. आणि महानुभाव पंथाची दीक्षा घेतलेला महार हा महारच राहतो काय, याचाही निवाडा त्याच निकालपत्रात करावा लागला. तो महारच राहतो, असे ठरले. पुढे झालेल्या पोटनिवडणुकीत राखीव जागेस बाबासाहेब आणि सर्वसाधारण जागेस समाजवादी अशोक मेहता उभे राहिले. प्रत्येक मतदारास दोन मते. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. समाजवादी आणि साम्यवादी एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. परंतु वर्गाच्या हाकेने जातीचा बांध फुटतो, ही श्रद्धा दोघांचीही होती. तो बांध भंडाऱ्यात फुटला नाही.

आणि २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीस काय घडले? एका दलित कुटुंबातील चौघांस गावाने ठार केले. ते कुटुंब स्वतःची शेती कसत होते, मुले शिकत होती. मारणारे कोणी गिरणीमालक नव्हते; त्याच मातीत शेती करणारे गावकरी होते. आठ जणांस शिक्षा झाली, परंतु २००८ साली भंडाऱ्याच्या आणि २०१० साली नागपूरच्या न्यायालयास त्यात जातिद्वेष सिद्ध झालेला दिसला नाही. न्यायालयास पुराव्याची मर्यादा असते. विचारवंतास ती सबब नाही. ‘पाया बदलला की मजला ढासळेल’ हे सूत्र घेऊन खैरलांजीच्या वेशीत उभे राहावे, आणि तेथे कोणता पाया बदलल्याने ते चौघे वाचले असते, हे सांगावे.

जातीचा प्रश्न काढल्याने कामगारांत फूट पडते, हा अखेरचा आक्षेप. ज्या घरात भिंत आधीच उभी आहे, तेथे भिंतीकडे बोट दाखविणाऱ्यास घर फोडणारा म्हणत नाहीत. दलित कामगाराने संपात सहा महिने उपाशी राहावे, आणि संप मिटल्यावर चांगल्या खात्याबाहेर उभे राहावे, यास एकी म्हणावयाचे असेल तर ती एकी दलिताच्याच खर्चाने विकत घेतलेली आहे.

हा लेख वाचून दिवाणखान्यातील मंडळी खूष होत असतील, तर त्यांनी क्षणभर थांबावे. साम्यवादी निदान अर्धे अंतर चालून गेले. छाटीचा हिशेब विचारावयास ते झोपडीत गेले, तेव्हा आपण कोठे होतो? आपल्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईचा पेला आजही वेगळा असेल, तर साम्यवाद्यांस नावे ठेवण्यापूर्वी तो आपल्या पेल्यांत मिसळावा. साम्यवादी स्नेह्यांकडे आमचे मागणे एवढेच की, मजुरीच्या मागण्यांचा कागद लिहिताना धोट्याची मागणी शेवटी आणि नाइलाजाने लिहू नये. ती पहिल्या ओळीत लिहावी, आणि मालकापुढे ठेवण्याआधी ती आपल्या सभासदांस वाचून दाखवावी.